होड्यांना घरनंबर नसतो

माझी वही चुकली असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं. रुचिकाने म्हटलं, आणि तेही माझ्याच ओटीवर बसून, माझाच चहा पीत.

मी रतन. रेवदंड्याच्या पलीकडे खाडीकाठी आमचा कोळीवाडा, तिथली मी आशा कार्यकर्ती. नऊ वर्षं दर शनिवारी घरोघर फिरते, पिंपात बॅटरी मारून डासांच्या अळ्या शोधते, वहीत लिहिते. रुचिका मुंबईच्या एका संशोधन संस्थेतली. माझ्या वहीतले आकडे आणि पडलेला पाऊस ती कॉम्प्युटरला घालते आणि पुढच्या आठवड्यात कुठल्या आळीत डेंग्यूचे किती पेशंट निघतील ते सांगते. त्याला म्हणे मॉडेल म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी फिदीफिदी हसले होते. पण बाई, तीन आळ्यांचे आकडे तिने असे बरोबर सांगितले की माझं तोंडच बंद झालं.

चौथी, किनाऱ्याकडची आमची आळी मात्र ऐकेना. मॉडेल म्हणालं तीन, निघाले अकरा. पुढच्या आठवड्यात म्हणालं चार, निघाले चौदा.

"रतनताई, कुठेतरी पाणी आहे जे तुमच्या वहीत आलेलं नाही," रुचिका म्हणाली.

माझा पारा चढला. "म्हणजे मी घरात बसून वही भरते? एक्केचाळीस घरांतलं एकूण एक पिंप उपडं केलंय मी! तुझ्या कॉम्प्युटरलाच ताप आला असेल."

खरं तर राग वेगळाच होता, खोटं कशाला बोलू. माझी लेक साक्षी उरणला दिलेली, तिला सातवा लागणार होता. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आमची रीत. पोरीने बॅग भरून ठेवली होती आणि आदल्याच दिवशी मी फोनवर सांगितलं, "येऊ नको गं, इथे ताप आहे." पोटुशीला डेंग्यू झाला तर काय होऊ शकतं, ते मला चांगलं ठाऊक आहे. ती रडली. म्हणाली, "तुझ्याच आळीत कसा गं ताप, आई? तू तर आशा ना?" ते काळजाला लागलं होतं, आणि त्यात ही पोरगी वहीवर बोट ठेवते.

रुचिका चिडली नाही. "वही खोटी असती तर बाकीच्या तीन आळ्या जुळल्या असत्या का? चला, परत एकदा चालू या. तुम्ही दाखवा, मी नुसती बघते."

चाललो. पिंपं कोरडी, टायर नाहीत, कुंड्यांखाली बशासुद्धा नाहीत. म्हटलं, आता बोल! आळी संपली. पुढे पावसाळी मासेमारीबंदीत वर ओढलेल्या होड्या ओळीने उभ्या होत्या, निळी प्लास्टिकं पांघरून.

"आणि ह्या? ह्या तपासल्या?" रुचिकाने विचारलं.

"होड्यांना घरनंबर नसतो," मी म्हटलं, आणि बोलता बोलताच माझं मलाच उमगलं.

आमची तपासणी घरनंबरावर चालते. शिवाय आमच्या आळीत बाईमाणूस होडीवर चढत नाही. कुणी मनाई करत नाही, पायच वळत नाही. नऊ वर्षं मी ह्या होड्यांच्या कडेने गेले आणि एकदाही आत डोकावले नव्हते.

पहिली होडी आमचीच. पदर खोचला आणि चढले. वाऱ्याने प्लास्टिक फाटलेलं, बर्फ ठेवायच्या खणाचं झाकण सरकलेलं, आत गुडघाभर निवळ पाणी. बॅटरी मारली. अळ्या नुसत्या वळवळत होत्या.

"आगो, होडीवर काय करतेस?" खालून माझा नवरा दयाराम ओरडला.

"तुमच्या डासांचं बारसं करते! बादली आणा आधी!"

त्याने वर येऊन पाहिलं. मग स्वतः खणात उतरला. त्याच्यामागे सगळी आळी लागली. सत्तावीस होड्या, त्यांतल्या एकोणीस अळ्यांनी भरलेल्या. मी वहीत नवं पान काढलं, वर 'होड्या' लिहिलं, आणि पहिलं नाव दयारामचं. लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारच्या ठमीकाकीचा नातू आठ दिवस तापाने फणफणत होता. तिला जाऊन सगळं सांगितलं. ती म्हणाली, "समजलं ना आता? मंग रडतेस कशाला? कामाला लाग."

"ताप लगेच थांबणार नाही," रुचिकाने बजावलं. "ज्यांना आधीच डास चावलेत ते अजून आजारी पडतील. धीर सोडू नका." तिने होड्या मॉडेलमध्ये घातल्या आणि चार आठवड्यांचे आकडे कागदावर लिहून दिले: बारा, नऊ, तीन, एक. कागद मी देव्हाऱ्यात ठेवला. दर शनिवारी होड्यांवर चढले, दयारामने खण पुसून दिले. निघाले तेरा, आठ, तीन. चौथ्या आठवड्यात नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, आणि पेशंट एकही नाही.

फेरी संपवून किनाऱ्यावर उभ्या उभ्याच साक्षीला फोन लावला.

"ये गं बाय."

ती म्हणाली, "आई, माझं मन राखायला बोलतेस की वही बघून?"

"वही बघून," मी म्हटलं, आणि मला रडूच कोसळलं. "होड्यांसकट."