तारणातला हात

"आता घट्ट पकड, दादा. आणि फिरव."

दादाने कृत्रिम हाताच्या बोटांत पाना धरून नट आवळला. पाना सुटला नाही. तेवढ्यात त्याच्या बहिणीने, चिमणीने, दोनदा प्रयोगशाळेच्या खिडकीतून रस्ता पाहिला. सकाळपासून तिच्या पायाला भिंगरी लागली होती. कर्ज देणाऱ्या कंपनीचा माणूस जप्तीसाठी केव्हाही येणार होता.

यंत्रात सापडून दादाचा पंजा गेला, तेव्हा नोकरी सोडून तिने हा हात बनवायचा ध्यास घेतला. गुंतवणूकदार मिळत होते, पण त्यांना निम्मी कंपनी हवी होती. म्हणून तिने कर्ज काढलं; पेटंट आणि प्रयोगशाळेतली प्रत्येक वस्तू तारण ठेवली. मग घामाने बोटं अडकू लागली. तो दोष काढण्यात वर्ष गेलं. संशोधन रखडलं म्हणून हप्ते थोडेच थांबतात! आता कुठे हात नीट चालू लागला होता आणि दादाने सायकलदुरुस्तीचं दुकान पुन्हा उघडलं होतं.

"बस की जरा. तो काय तुला खाणार आहे?"

"दादा, हात खिशात घाल."

"का गं?"

तिने उत्तर द्यायच्या आत दार वाजलं.

अधिकारी तरुण होता, बोलायला मऊ. यंत्रांवर चिठ्ठ्या चिकटवून झाल्यावर त्याने विचारलं, "मॅडम, चाचणीचा एक हात होता ना?"

चिमणी खिडकीकडे वळली. "तो... मोडला. टाकून दिला."

दादाने तिच्याकडे पाहिलं आणि खिशातून हात बाहेर काढला. "हा काय! मोडतोय कशाला? झकास चालतो."

अधिकाऱ्याची मान खाली गेली. "राहू द्या. मी बघतो काही जमलं तर."

"नको. उद्या तुमच्यावर शेकेल. आणि सही हिचीच आहे."

दादा डाव्या हाताने पट्टे सोडू लागला. चिमणी पुढे झाली, तसा तो म्हणाला, "जमतंय मला."

"आणि दुकान?" तिने विचारलं.

"हवा पायानेच भरतात, वेडे."

अधिकाऱ्याने हात खोक्यात ठेवला. खोकं जड होतं. दोन्ही हातांनी उचलून तो दारापाशी अडला. दादा पुढे गेला, कोपराने दार रेटून धरलं आणि म्हणाला, "सांभाळून, पायरी आहे."