घंटेकडे पाठ

खण्णकन झाकण पडलं आणि नुकताच डोळा लागलेलं बाळ दचकून रडायला लागलं. मीही दचकले. स्वयंपाकघराकडे पाठ करून बसलेले बाबा मात्र ग्लोव्हची उसवलेली शिवण तशीच टाचत राहिले.

"बाबा, आवाज नाही आला?"

बाळाला खांद्यावर घेऊन पुढ्यात गेले, तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली. "हा का उठला गं?"

बाबा आधी बॉक्सर, मग किकबॉक्सर. गुडघ्यांनी दगा दिल्यावर प्रशिक्षक, रेफरी आणि शेवटी संघटनेचे सचिव. सचिव झाल्या झाल्या नियम त्यांनीच केला: फेरी संपल्याची घंटा पाठमोरं उभं राहून ज्याला ऐकू येत नाही, त्याने रेफरी म्हणून रिंगमध्ये उतरायचं नाही. घंटेनंतरचा ठोसा बेसावध पोराला लागतो. या नियमापायी त्यांचा जिवलग दोस्त घरी बसला. तो अजून बोलत नाही त्यांच्याशी. आणि येत्या रविवारच्या फायनलला रेफरी बाबाच होते; त्याआधी चाचणी त्यांची होती.

"मला नीट ऐकू येतं. तुम्हीच पुटपुटता," बाबा म्हणाले. "घ्या की परीक्षा!"

माझी लेक ठमी झाकण आणि डाव घेऊन तयारच होती. बाबा आमच्याकडे पाठ करून उभे राहिले. टण्ण! हात वर. टण्ण! पुन्हा हात वर. माझा जीव भांड्यात पडला.

ठमी धावत त्यांच्यासमोर गेली. "आजोबा, चीटिंग! कपाटाच्या काचेत बघताय!"

"अगं लबाडे!" बाबा खो खो हसले. मग हसू ओसरलं. त्यांनी डोळे मिटून घेतले. ठमीने सगळा जोर लावून झाकण बडवलं. बाळाने भोकाड पसरलं. बाबांचा हात खालीच.

"वाजव ना गं," ते म्हणाले.

मार खाऊन उठलेल्या खेळाडूला ते नेहमी म्हणत, "माझ्याकडे बघ. चालत ये." पाय लटपटले की लढत बंद. पोरं रडायची, शिव्या घालायची. बाबा म्हणायचे, "घालू देत. घरी जाऊन आईला ओळखतील ना, बास."

मी त्यांच्या खांद्याला हात लावला. "बाबा, माझ्याकडे बघा."

त्यांनी बघितलं. माझ्याकडे, रडणाऱ्या बाळाकडे, ठमीच्या हातातल्या झाकणाकडे. मग लढत थांबवतात तसे दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले.

"संघटनेत फोन लाव. मला पलीकडचं कळायचं नाही. म्हणावं, दुसरा रेफरी बघा. आणि खरं काय ते सांग, तब्येतीचं नाटक नको."

मी सांगितलं. बाबा पुन्हा ग्लोव्ह घेऊन बसले. सुईत दोरा ओवून दिला, तर माझ्याकडे न बघताच घेतला.

ठमी बराच वेळ त्यांना न्याहाळत होती. मग माझ्या कुशीत शिरली.

"आई, लढत थांबवली की आजोबा एकाचा हात वर करतात ना? मग आता कुणाचा करायचा?"