धक्क्यावरची मेणबत्ती

माझा थोरला भाऊ थिओफिल युद्धात गेला, पण सैनिक म्हणून नाही. आमच्या बेटावरच्या कॅस्ट्रीज बंदराच्या धक्क्यावर तो बोटीतून पिठाची पोती उतरवत होता. जर्मन पाणबुडीचा टॉर्पेडो आला आणि बोटीबरोबर तोही गेला. पुरायला काही मिळालं नाही. म्हणून मृतांच्या दिवशी सगळं गाव दफनभूमीत दिवे लावतं, तेव्हा आई मला घेऊन धक्क्यावर जायची. "मी आहे तोवर पोराला अंधारात ठेवणार नाही," हा तिचा नवस.

यंदा आमच्याच गल्लीत वाढलेल्या लिओन्सचं महाकाव्य रेडिओवर वाचलं गेलं. त्यात थिओफिल होता, नावानिशी. पण डोक्यावर लोखंडी टोप, हातात बंदूक, आणि मरण आफ्रिकेच्या वाळवंटात, रणगाड्यासमोर, जुन्या ग्रीक वीरासारखं. आता पार थकलेली आई रेडिओला कान लावून ऐकत होती. मृतांच्या दिवशी सकाळी मी मेणबत्ती काढली, तर म्हणाली, "धक्क्यावर कोण आहे? माझं पोर वाळूत आहे."

जपमाळ पुरी करून मी लिओन्सकडे गेले.

"अरे, वाळवंट कुठून आणलंस? त्यानं बेटाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं."

"फिलोमेनताई, पिठाच्या पोत्यावर महाकाव्य उभं राहत नाही."

"तसल्याच पिठाचा पाव खाऊन तू उभा राहिलास की!"

तो हसला, मग त्यानं टोपी उचलली. "चल, मीच येऊन खरं सांगतो."

आला. टोपी काढून आईच्या खाटेजवळ बसला. तिनं त्याचा हात दोन्ही हातांत धरला. "लिओन्स, तुला ठाऊक असेल. तिकडे ऊन फार म्हणतात. पोराच्या डोक्यावर सावली आहे का रे?"

मी त्याच्याकडे बघत होते. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"आहे, मा इग्नेशिया. झाड आहे."

"वाळवंटात?"

"एकच आहे. त्याच्यापाशी."

आईनं त्याचा हात सोडला आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. थोड्या वेळात तिला झोप लागली. लिओन्स टोपी घेऊन दारातून निघून गेला.

संध्याकाळी मी एकटीच धक्क्यावर गेले. वाऱ्यानं काड्या विझत होत्या. कशीबशी मेणबत्ती पेटली. थिओफिलचं नाव घेऊन प्रार्थना म्हटली. आईचा नवस आता माझ्याकडे आला होता. ते महाकाव्य शाळेत लावणार आहेत म्हणे. मी गेल्यावर पोरं त्याला वाळूतच शोधतील.