छत्रीची जागा

ठाण्याच्या कचेरीतले कारकून भाऊराव यांनी घर सुधारायचं ठरवलं, तेव्हा घर म्हणजे भाड्याचे दोन खण आणि मागची पडवी एवढंच होतं. विलायती मासिकात त्यांनी कुणा साहेबाच्या बंगल्याचं चित्र पाहिलं होतं. साहेबाला सोळा खोल्या होत्या, ही किरकोळ बाब त्यांनी सोडून दिली.

आठ दिवस खपून त्यांनी नकाशा काढला आणि बायकोपुढे, उत्तरेपुढे, पसरला. चूल इथं, देव्हारा तिथं, भिंतीला बिजागरीची फळी, लिहून झालं की मिटायची. छत्रीच्या खुंटीलासुद्धा जागा होती. उत्तरेला अक्षरओळख भाऊरावांनीच करून दिली होती आणि जोडाक्षरांपाशी कंटाळून सोडली होती. तिनं अडखळत 'छत्री' वाचलं, मग कणगीमागच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथं 'अभ्यासिका' लिहिलं होतं.

"हा कोपरा तर..."

"अगं, महिन्यातले सव्वीस दिवस रिकामा असतो! जागा अशी वाया घालवतात का?"

उरलेले चार दिवस तिथं कोण बसतं, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण शहाण्या माणसाला मध्येच अडवू नये, असं तिला माहेरी शिकवलेलं होतं.

बाळकुमचा राघो रंग द्यायला आला. बाहेर चुन्यात भरपूर नीळ आणि अभ्यासिकेला भडक गेरू, असा हुकूम झाला.

"धनी, ह्यो गेरू त आमी बैलांचे शिंगाना लावताव," राघो म्हणाला.

अभिरुची एका दिवसात येत नाही, असं भाऊरावांनी त्याला समजावलं. पुढे महिनाभर जो भिंतीला टेकला तो पाठीवर नीळ घेऊन उठला, भाऊराव धरून. अभ्यासिकेला फळ्यांचा आडोसा झाला, पडवीकडे वेगळं दार झालं आणि नेमही झाला: आत कुणी यायचं नाही, कशाला शिवायचं नाही. विचारांना म्हणे एकांत लागतो.

तोच कल्याणहून उत्तरेच्या सासूबाईंचं, आवडाबाईंचं, पत्र आलं. घर बघायला येते. गैरसोय दिसली तर सुनेला इकडे घेऊन येईन, भाऊ खानावळीत जेवेल.

कल्याणला उत्तरेनं सात वर्षं चौदा माणसांचं रांधलं होतं, आणि नवरा रविवारी पाहुण्यासारखा यायचा. ठाण्याला येऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. तिला परत जायचं नव्हतं, मुळीच नव्हतं. त्या दिवसापासून तिला निळ्या भिंतीही गोड दिसायला लागल्या.

आवडाबाई आल्या. चूल पाहिली, देव्हारा पाहिला, पदराला लागलेली नीळ झटकली.

"सगळं खरं. पण हिनं बाजूला बसायचं कुठं?"

भाऊरावांनी नकाशा पाहिला. उलटा करूनही पाहिला. त्यात छत्री होती.

"चार दिवस काय चुलीला टेकून बसणार ही? ऊठ गं, गाठोडं बांध."

भाऊरावांनी नकाशा पुन्हा सुलटा केला. तेव्हा उत्तरेनं खाली मान घालून सांगितलं, "सासूबाई, माझ्यासाठीच तर तिकडून ही खोली करणं झालं. पडवीकडे वेगळं दार आहे. आत कुणी यायचं नाही, कशाला शिवायचं नाही, असा नेमच आहे."

आवडाबाई एका दारानं आत शिरल्या आणि दुसऱ्यानं पडवीत निघाल्या. "गुणाचा रे माझा बाळ! शिकला तरी वाया नाही गेला."

भाऊरावांनी एकदा आपल्या फळीकडे पाहिलं, एकदा खानावळ आठवली. "हो, हिच्यासाठीच," ते म्हणाले. संध्याकाळच्या गाडीनं आवडाबाई एकट्याच परत गेल्या.

सहाव्या दिवशी उत्तरा लाल खोलीत जाऊन बसली. आडोशापलीकडे भाऊराव धुरात फुंकणी फुंकत होते.

"अगं, पाणी किती घालू? आणि माझं ते पुस्तक जरा सरकव ना!"

"पाणी बेतानं घालायचं. पुस्तकाला मी शिवलेय, आता पाचव्या दिवशी."

पुस्तकात घडी घातलेला नकाशा सापडला. तिनं बिजागरीची फळी उघडली, पेन्सिल घेतली, 'अभ्यासिका' खोडली आणि तिथं आपलं नाव लिहायला बसली. 'त्त' तीनदा चुकला, चौथ्यांदा जमला. बाहेर भात करपल्याचा वास सुटला होता. ती काही उठली नाही. उठून करणार काय, शिवायचं नव्हतं ना.