कपावरचं नाव

शहाडच्या आवडाबाईंच्या घरी तांदूळ मोजायचं माप होतं चांदीच्या मुलाम्याचं, एका कानाचं. दुसरा कान थोरल्या सुनेच्या हातून तुटला. पोटावर इंग्रजीत काहीबाही कोरलेलं होतं.

ते माप म्हणजे खरं तर कप. बावन्न वर्षांपूर्वी नदीकाठी एक रंगाचा कारखाना होता आणि साहेबलोकांसाठी त्याचं गोल्फचं मैदान. आवडाबाई तिथे गवत कापायच्या आणि मडमांच्या काठ्यांची पिशवी वाहायच्या. बायकांची पहिली स्पर्धा ठरली, तिला चार जणी हव्या होत्या. चौथीला ताप भरला, म्हणून आकडा भरायला आवडाबाईंना उभं केलं. त्यांनी पदर खोचला आणि तिघी मडमांना पाणी पाजलं. कुठला उतार चेंडूला कुठे नेतो, हे रोज गवत कापून त्यांना पाठ होतं.

पंचाईत एवढीच, की मोठ्या साहेबांच्या बायकोचं, दलालबाईंचं, नाव कपावर आधीच कोरून आणलेलं होतं. साहेबांची बायको सोडून दुसरं कोण जिंकणार? दलालबाईंनी कप आवडाबाईंच्या हातात दिला आणि नाव नंतर बदलून देऊ म्हणाल्या. पुढे कारखाना बंद पडला, मैदानावर टॉवर उठले, ते ‘नंतर’ मात्र आलं नाही. आवडाबाईंना अक्षरओळख नव्हती. तरी ती अक्षरं आपली नाहीत, हे रोज तांदूळ घेताना बोटांना कळायचं आणि मन खट्टू व्हायचं.

यंदा महिला दिनाच्या तोंडावर धनेशला एक कर्तबगार महिला हवी होती. धनेश म्हणजे क्रीडा गौरव समितीचा अध्यक्ष आणि, देवाच्या आणि पक्षाच्या मनात असेल तर, भावी नगरसेवक. आवडाबाईंची नात जागृती त्याच्याकडे गेली आणि आजीची गोष्ट सांगून आली. धनेश हरखला. कबड्डीवाल्या, खो-खोवाल्या शेजारच्या वॉर्डाने आधीच सत्कारून संपवल्या होत्या. गोल्फवाली कोणाकडेच नव्हती.

समितीचे चिटणीस परशुरामभाऊ निवृत्त हेडक्लार्क. ते पुरावा बघायला घरी आले, कपातले तांदूळ ताटात ओतायला लावले आणि चष्मा लावून नाव वाचलं. आजी सांगतात ते खरंच असणार, म्हणाले, पण समितीला कागदाप्रमाणे जावं लागतं. आणि इथे तर धातूवर आहे.

मग समितीने धातूप्रमाणे शोध घेतला. दलालबाई वारल्या होत्या, त्यांची नात रुचिता वर्तकनगरला सापडली. ‘पहिल्या महिला गोल्फविजेत्या’चा मरणोत्तर सत्कार तिच्या हाती द्यायचं ठरलं. बॅनर लागले. त्यावर धनेशचे फोटो चार, दलालबाईंचा एक. आवडाबाईंनाही समिती विसरली नाही. कप आणायला आणि पाहुणीला ओवाळायला त्यांना आवर्जून बोलावलं. जागृती संतापली. आवडाबाई म्हणाल्या, कप जातो तिथे मी जाणार.

तर ज्या बाईने सामना जिंकला, तिने हरलेल्या बाईच्या नातीला ओवाळलं. टाळ्या पडल्या. रुचिताच्या खांद्यावर शाल आली, हातात नारळ आला आणि समोर माइक. तिने कप हातात घेतला आणि त्यावरचं नाव वाचलं.

“हा कप आजीचा नाही,” ती म्हणाली. “आजी दर दिवाळीला सांगायची, मला आयुष्यात एकाच बाईने हरवलं, माझं नाव कोरलेला कप तिने नेला, आणि ती आमचं गवत कापायची. आवडा नाव होतं तिचं.”

आरतीचं ताट धरून आवडाबाई तिथेच उभ्या होत्या. रुचिताने स्वतःची शाल काढून त्यांच्या खांद्यावर घातली. धनेश कसलेला गडी. त्याने लगेच माइक घेतला आणि समिती दोन्ही घराण्यांचा आदर करते असं जाहीर केलं. आजी, काय हवं ते मागा, म्हणाला.

“मना शाल नको, थंडी सरली,” आवडाबाई म्हणाल्या. “कपावं माजा नाव घाल.”

हे अवघड होतं. परशुरामभाऊ कानात म्हणाले, मूळ पुराव्यात फेरफार कसा करणार? धनेशने तिथल्या तिथे उपसमिती नेमली. तिचा अहवाल पुढच्या महिला दिनापर्यंत येईल, असं सांगितलं तेव्हा पुन्हा टाळ्या पडल्या.

आवडाबाईंनी दलालबाईंचं ‘नंतर’ बावन्न वर्षं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी जागृतीला घेऊन त्या कल्याणच्या बाजारात भांड्याच्या दुकानी गेल्या. लग्नसराई होती. नाव घालणारा मशीन घेऊन बसला होता आणि पातेल्यांवर, डब्यांवर मामा-मावश्यांची नावं भराभर उमटत होती. त्याने कप फिरवून पाहिला. जुनं नाव घासून काढू का, विचारलं. आवडाबाई नको म्हणाल्या. ती बाई खेळली चांगली होती, तिचं राहू दे खाली.

त्याने वर ‘आवडाबाई’ घातलं आणि सवयीने पुढचं विचारलं.

“कोणाकडून लिहू, आजी?”

आवडाबाईंनी जन्मभर भांडी घेतली होती ती भावाकडून, नणंदेकडून, बारशाची, बारा कार्यांची. बिनकोणाकडूनचं एकही भांडं त्यांच्या घरात नव्हतं.

“कोनाकरून नाय,” त्या म्हणाल्या. “जिकलेला हाय.”