नाक्यावरचा शिपाई अजीम

बल्लारपूरच्या बाजारात नूर मोहम्मदचं शिलाईचं दुकान होतं. १९९५च्या हिवाळ्यात एका दुपारी दुकानासमोर लाल दिव्याची गाडी थांबली आणि मंत्री गुणवंतराव काठी टेकत उतरले. त्या संध्याकाळी गावात त्यांचा सत्कार होता.

नूर मोहम्मद सुई हातात धरूनच उठला. हे नाव तो लहानपणापासून ऐकत आला होता. विसाव्या वर्षी निजामाविरुद्ध बंदूक उचलणारे, वर्धा नदीपलीकडचा निजामाचा जकात नाका फोडणारे गुणवंतराव. त्या नाक्यावर मेलेला शिपाई अजीम हा त्याचा बाप. नूर मोहम्मद तेव्हा आईच्या पोटात होता.

"आई आहे का घरी?" मंत्र्यांनी विचारलं.

दुकानामागच्या खोलीत म्हातारी खातून लसूण सोलत बसली होती. पुढे केलेल्या खुर्चीवर गुणवंतराव बसले नाहीत.

"बाई, माझ्या सत्काराचं पुस्तक छापून राह्यले. त्याच्यात तुमच्या मालकाले रझाकार लिहिलं होतं. मी ते पान काढाले लावलं. साधा पगारी शिपाई होता तो. आम्ही म्हटलं, पळून जा. तो म्हणे, नाका माझ्या भरोशावर सोडला हाय, मी हलत नाई. गोळी मी झाडली."

नूर मोहम्मद दारातून पुढे आला. "मंग सत्तेचाळीस वर्षं काऊन गप्प बसले?"

"भेत होतो. लढाईत नाई भ्यालो. या दाराले भेत होतो."

खातूनने लसणाचं सुपडं बाजूला सारलं. "त्याईले माती कोनं देल्ली? लोक म्हणे, नदीत फेकलं."

"नाई बाई. आम्हीच देल्ली. तोंड पश्चिमेकडं ठेवलं."

"मले तिथं न्या."

मंत्र्यांसोबत आलेला सहायक घड्याळ दाखवू लागला. "लोक थांबतील," म्हणत मंत्र्यांनी मायलेकांना गाडीत बसवलं.

पूल ओलांडला, गाडीरस्ता संपला, मग कापसाच्या शेतातून तिघं पायी निघाले. नाल्यात खातूनचा पाय घसरला, तेव्हा गुणवंतरावांनीच तिला हात दिला. नाक्याचा फक्त दगडी चौथरा उरला होता. तिथून गुणवंतराव पावलं मोजत नदीच्या वरच्या अंगाला गेले आणि घाणेरीच्या झुडपांशी थांबले. काटे हातात रुतले तरी झुडपं त्यांनी स्वतः उपटली. खाली दगडांची लांबट रास निघाली.

नूर मोहम्मदने दुआसाठी हात उचलले. गुणवंतराव टोपी काढून मागे उभे राहिले. खातून दगडांवर तळवा ठेवून बराच वेळ बसली.

"माफ केलं, असं मी म्हननार नाई," शेवटी ती म्हणाली. "पन तुम्ही खरं बोलाले आले. आता घरी चला, चाय घेऊन जा."

चहा झाला. सत्काराला गुणवंतराव दोन तास उशिरा पोहोचले. मंचावरून त्यांनी स्वतःच्या पराक्रमाचं काहीच सांगितलं नाही. अजीम कोण होता, तो का हलला नाही आणि त्याला कोणी मारलं, तेवढंच सांगितलं.

मागच्या रांगेत बसलेल्या नूर मोहम्मदने टाळी वाजवली नाही. तो उठून उभा राहिला आणि गुणवंतराव खाली बसेपर्यंत तसाच उभा होता.