डचांचं दीड पान

पाठ्यपुस्तकात डचांना दीड पान होतं. समुद्राच्या पातळीखालचा चिखलाचा मुलूख, त्यानं जहाजं बांधली, लोकांकडून भांडवल गोळा करून कंपनी काढली आणि पोर्तुगिजांना मागे सारून मसाल्याचा व्यापार ताब्यात घेतला. संपला धडा. दोह्यातल्या एका भारतीय शाळेत नववीला इतिहास शिकवणाऱ्या रत्नप्रभाबाई मात्र या दीड पानाचे दोन तास करत. त्या मूळच्या वेंगुर्ल्याच्या. डचांची वखार त्यांच्या गावात अजून पडक्या भिंतींनिशी उभी आहे, त्यामुळे डच म्हणजे त्यांना जुने शेजारीच वाटत.

कतारमधल्या फुटबॉल वर्ल्ड कपला तीन वर्षं उरली होती. जूनचा तिसरा आठवडा, सुट्टी लागायच्या बेतात. त्या वर्षी बाईंनी पुस्तकात नसलेला भाग सांगितला. जायफळ तेव्हा जगात बांदा नावाच्या चिमुकल्या बेटांवरच पिकायचं. तिथले लोक दुसऱ्यांनाही माल विकतात म्हणून डच कंपनीनं १६२१ साली बेटांवर फौज उतरवली. पंधरा हजारांच्या वस्तीतले जेमतेम हजारभर उरले. मग बाहेरून गुलाम आणून बागा चालू ठेवल्या. ॲमस्टरडॅममध्ये कालव्यांकाठी उंच घरं उठली, त्यात या जायफळाचाही वाटा होता.

पहिल्या बाकावरच्या जन्नतनं हात वर केला. ॲमस्टरडॅमच्या लोकांना हे ठाऊक होतं का, असं तिनं विचारलं.

"ज्याला कळून घ्यायचं होतं, त्याला कळत होतं," बाई म्हणाल्या. "बाकीच्यांना जायफळ मिळत होतं."

मुलांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं. धडा चांगला झाला, असं बाईंना वाटलं.

त्याच दुपारी बिन महमूद भागातल्या त्यांच्या फ्लॅटचं दार चार वाजताच वाजलं. श्रीपती, त्यांचे यजमान, एका स्टेडियमच्या कामावर सेफ्टी इंजिनिअर होते. सातच्या आत ते कधी येत नसत. बूट न काढता ते सोफ्यावर बसले आणि रहमान गेला म्हणाले.

रहमान परांच्या बांधणारा, बांगलादेशचा, एकोणतीस वर्षांचा. ईदला तो त्यांच्याकडे शेवयांचा डबा घेऊन यायचा. चैत्राली, त्यांची लेक, त्याला भैया म्हणायची. उन्हाळ्यात साडेअकरानंतर उघड्यावर काम करायला बंदी. पण काम मागे पडलेलं, म्हणून फोरमननं बारानंतरही माणसं वरच ठेवली होती. साडेबाराला रहमाननं पाणी मागितलं. पाणी येईपर्यंत तो कोसळला होता.

कंपनीनं कागद तयार केला होता. त्यावर लिहिलं होतं: सकाळीच अकराला काम थांबलं, मयत सावलीत विश्रांती घेत असताना हृदय बंद पडलं. सेफ्टी इंजिनिअरची सही तेवढी बाकी होती. श्रीपतींनी उद्या करतो म्हणून तो घरी आणला होता.

"सही करू नका," रत्नप्रभा म्हणाल्या.

"नाही केली तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर व्हिसा. चैत्रालीचं बारावीचं वर्ष आहे गो. कुठं नेऊन टाकू तिला मध्येच?"

आतल्या खोलीत चैत्राली मैत्रिणीशी इंग्रजीत हसून बोलत होती. रत्नप्रभांनी ते थोडा वेळ ऐकलं. नवऱ्याकडे न पाहता त्या म्हणाल्या, "करा."

शुक्रवारी रहमानचा भाऊ इलियास दारात आला. तोही दोह्यातच, सूक वाकिफ बाजारातल्या एका मसाल्याच्या दुकानात काम करायचा. मोडक्यातोडक्या हिंदीत त्यानं साहेब आहेत का विचारलं. साहेब आत होते. आतल्या खोलीचं दार लोटल्याचा आवाज दोघांनीही ऐकला.

मग त्यानं रत्नप्रभांनाच विचारलं. भाऊ सावलीत होता, असं कागदावर आहे. गावी आईला हेच सांगू का?

रत्नप्रभांना हो म्हणता आलं असतं. म्हातारीला तेवढंच बरं वाटलं असतं, हेही मनात येऊन गेलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तो वर होता. उन्हात. साडेबारापर्यंत."

इलियासनं मान हलवली. रडला नाही. रहमानसोबत कामावर असलेल्या पोरांनी त्याला हेच सांगितलं होतं.

"लिहून द्याल, मॅडम?"

रत्नप्रभांचा हात दाराच्या कडीवर गेला. मग खाली वाकून त्यानं चपला सरळ केल्या, पायात घातल्या आणि जिना उतरून गेला. शिव्याशाप देईल अशी त्यांची अपेक्षा होती. त्यानं काहीच दिलं नाही.

श्रीपती बाहेर आले. काय म्हणत होता, त्यांनी विचारलं.

"खरं काय ते सांगितलं त्याला. तुम्ही खोटी सही केलीत, हेही त्याला कळलं त्यातून. मीच करा म्हणाले, ते मात्र मी सांगितलं नाही."

भावाच्या शवपेटीबरोबर इलियास ढाक्याच्या विमानानं गेला, तो परत आल्याचं ऐकिवात नाही. कागद कंपनीत तसाच राहिला. ऑगस्टमध्ये शाळा उघडली, तेव्हा रत्नप्रभाबाईंनी प्रिन्सिपलना भेटून नववीचा इतिहास सोडला आणि सहावीचा भूगोल मागून घेतला. कारण विचारल्यावर घसा बसतो म्हणाल्या.